मेंढीच्या ऊसाइटच्या आयव्हीएम मीडियात व्हिटॅमिन टाकायचंय? नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी

ठाणे-नवी मुंबई पट्ट्यात लाइफ सायन्सवाली पोरं-पोरी आता भरपूर झालीत, आणि डिझर्टेशनचा सीझन आला की कोणीतरी विचारतंच, मेंढीच्या ऊसाइट (कच्च्या अंडपेशी) लॅबमध्ये मॅच्युअर करतोय, मीडियात (पेशी ज्या पोषक द्रवात ठेवतात त्यात) व्हिटॅमिन सी किती टाकू? आकडा काय, लगेच सांगता येतो. ५० मायक्रोग्रॅम प्रति मिली हा आकडा पेपरांमध्ये वारंवार दिसतो, तो घ्या आणि टाका. पण टाकलेलं व्हिटॅमिन चोवीस तासांत त्या पेशीपर्यंत पोहोचतं का, पोहोचेपर्यंत त्याचं काय होतं, आणि रिझल्ट आला तर तो व्हिटॅमिनचा की ते ज्या अल्कोहोलमध्ये विरघळवलं त्याचा, हे कोणी विचारत नाही. सगळी मेहनत तिथेच पाण्यात जाते, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

आयव्हीएम (इन व्हिट्रो मॅच्युरेशन, म्हणजे अंडपेशी शरीराबाहेर डिशमध्ये पिकवणं) म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. मेंढीच्या ओव्हरीतल्या छोट्या फॉलिकलमधून (द्रवाने भरलेल्या पिशवीतून) काढलेली अंडपेशी अजून कच्ची असते, तिचं न्यूक्लियस मोठं आणि बंद असतं, त्याला जर्मिनल व्हेसिकल स्टेज म्हणतात. इन्क्युबेटरमध्ये योग्य मीडियात साधारण २४ तास ठेवली की ते न्यूक्लियस फुटतं, मेटाफेज वन येते, मग मेटाफेज टू, आणि कडेला एक छोटा पोलर बॉडी बाहेर पडतो. तो दिसला म्हणजे न्यूक्लियसच्या हिशोबाने पेशी तयार झाली. सायटोप्लाझम तयार झालाय का हा वेगळा प्रश्न, आणि व्हिटॅमिनचा खरा खेळ बहुतेक तिथेच असतो.

आधी कागद, मग ओव्हरी

आपल्या भागात ओव्हरीचा मोठा सोर्स म्हणजे देवनारचा कत्तलखाना, १९७१ पासून चालू आहे, महापालिकेचा आहे, त्यामुळे असंच पिशवी घेऊन गेलात तर गेटवरूनच परत याल. कॉलेजच्या किंवा संस्थेच्या लेटरहेडवर पत्र, गाइडची सही, काय हवंय, किती हवंय, कुठल्या दिवशी, हे सगळं लिहून तिथल्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांकडे द्या. कत्तलखान्यातल्या मटेरियलसाठी तुम्ही स्वतः प्राणी मारत नसलात तरी आपल्या संस्थेच्या अ‍ॅनिमल एथिक्स कमिटीला आधी कळवून ठेवा आणि त्यांचं उत्तर फाइलला लावा, थिसिस सबमिट करताना ते पत्र शोधायची वेळ येतेच.

आता एक गोष्ट जी नवीन माणसाच्या डोक्यातच येत नाही. देवनारला शेळ्या आणि मेंढ्या दोन्ही येतात आणि पोट फाडल्यावर बाहेर काढलेली दोघींची ओव्हरी बाजूबाजूला ठेवली तर तुम्हाला फरक सांगता येणार नाही. टोपलीतून उचलून आणलेली ओव्हरी मेंढीचीच आहे असं समजू नका. लाइनवर उभं राहून, जनावर कुठलं आहे ते स्वतः बघून, तिथल्या तिथे ओव्हरी घ्यायची. काम करणाऱ्या माणसाशी दोन शब्द नीट बोललात, भाई मेंढीचीच पाहिजे, शेळीची नको, आणि कशासाठी हवीय तेही सांगितलंत तर तो स्वतःच वेगळी काढून ठेवतो. आणि बकरी ईदच्या आसपास एक्सपेरिमेंट लावूच नका, तेव्हा तिथे गर्दीही वेगळी आणि तुमच्याकडे बघायला वेळ कोणालाच नसतो.

ग्लोव्हज घाला, डबल घाला. मेंढ्या-शेळ्यांच्या गर्भाशयातून ब्रुसेला आणि क्यू फिव्हरचे जंतू माणसाला लागू शकतात, हे पुस्तकातलं वाक्य नाही, खरंच लागतात. गाभण जनावराचं गर्भाशय असेल तर ते उघडत बसायचं नाही, आणि ग्रुपमध्ये कोणी प्रेग्नंट असेल तर तिने हे कलेक्शनचं काम करायचंच नाही. काम झाल्यावर उरलेल्या ओव्हऱ्या बेसिनमध्ये किंवा सोसायटीच्या ओल्या कचऱ्यात नाही, पिवळ्या पिशवीत, बायोमेडिकल वेस्टवाल्याकडे.

देवनारहून लॅबपर्यंत

०.९ टक्के सलाइन, त्यात जेन्टामायसिन ५० मायक्रोग्रॅम प्रति मिली, आधी गरम करून थर्मासमध्ये. थर्मास पण आधी गरम पाण्याने विसळून घ्या नाहीतर पहिल्या दहा मिनिटांतच तापमान पडतं. ३० ते ३५ डिग्रीच्या मध्ये राहिलं की पुरे, बर्फ अजिबात नको. ओव्हरी घेतल्यापासून तीन-चार तासांच्या आत ऊसाइट मीडियात पडल्या पाहिजेत, जितकं लवकर तितकं चांगलं.

वाशी, नेरूळ, खारघरवाल्यांना हे सोपं आहे, गोवंडीहून मानखुर्द आणि मग वाशी, सकाळी त्या दिशेला गर्दीही जरा कमी. रबाळे-घणसोलीच्या एमआयडीसीत लॅब असेल तर वाशी-सानपाड्याला उतरून ट्रान्सहार्बर पकडा किंवा सरळ रिक्षा. ठाण्याच्या मंडळींनी मात्र वेळ मोजून निघावं, ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवर एकदा अडकलात की थर्मास कितीही महागडा असू दे. निघताना लॅबमधल्या जोडीदाराला फोन करा की मीडियाच्या डिश इन्क्युबेटरमध्ये टाक, कारण त्या किमान दोन तास आधी आत गेलेल्या हव्यात, तेवढ्यात पीएच आणि तापमान जागेवर येतं.

लॅबमध्ये आल्यावर ओव्हऱ्या दोन-तीन वेळा गरम सलाइनने धुवा, आजूबाजूची चरबी कापा, आणि २ ते ६ मिमीचे फॉलिकल १८ किंवा २० गेजच्या सुईने ओढा. सिरिंजमध्ये हेपीस (पीएच सांभाळणारा बफर) असलेला टीसीएम-१९९ (पेशींसाठीचा तयार मीडिया) आणि थोडं हेपरिन, नाहीतर रक्ताच्या गुठळीत ऊसाइट अडकून बसतात. ब्लेडने ओव्हरी चिरली तर नग जास्त मिळतात पण कचराही जास्त मिळतो, सुरुवातीला सुईच बरी.

स्टीरिओ मायक्रोस्कोपखाली निवड करताना कठोर व्हा. चारी बाजूंनी क्युम्युलस पेशींचे (अंडपेशीला वेढणाऱ्या छोट्या पेशींचे) बरेच थर, घट्ट, आणि आतला सायटोप्लाझम एकसारखा, हे ए ग्रेड. थर थोडे कमी, तरी पूर्ण झाकलेली, ती बी. अर्धी उघडी किंवा पूर्ण नागडी असेल तर ती सी, बाजूला. व्हिटॅमिनच्या एक्सपेरिमेंटमध्ये ए आणि बी सोडून काही घेऊ नका, नग वाढवायच्या मोहात सी ग्रेड आत घुसली की तुमचा फरक ग्रेडचा आहे की व्हिटॅमिनचा, देव जाणे. सुईने चांगल्या दोन-तीन ऊसाइट पर ओव्हरी मिळतात, म्हणजे तीस ओव्हऱ्यांतून साठ ते नव्वद. एका दिवसात तीन ग्रुपच्या वर उडी मारू नका.

आधी साधा मीडिया सेट करा

बऱ्याच लॅबमध्ये चालणारी रेसिपी साधारण अशी: बायकार्बोनेटवाला टीसीएम-१९९, १० टक्के एफबीएस (गायीच्या गर्भाचं सीरम), एफएसएच आणि एलएच, इस्ट्राडायॉल १ मायक्रोग्रॅम प्रति मिली, सोडियम पायरुव्हेट ०.२ ते ०.३ मिलीमोलर, ग्लुटामिन, जेन्टामायसिन. हॉर्मोनचा डोस कंपनीच्या युनिटनुसार बदलतो त्यामुळे शेजारच्या लॅबचा आकडा डोळे मिटून उचलू नका. शिवाय सिस्टिअमिन १०० मायक्रोमोलर, मेंढीत याचं काम चांगलं दिसलेलं आहे, पेशीतलं ग्लुटाथायोन (पेशीचं स्वतःचं अँटिऑक्सिडंट) वाढवतं. ३८.५ ते ३९ डिग्री, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, पूर्ण दमट, २४ तास.

या साध्या मीडियात तुमचा मेटाफेज टू ७०-८० टक्क्यांच्या घरात स्थिर येत नसेल तर व्हिटॅमिनची बाटली उघडू सुद्धा नका. एका आठवड्याला ४५, पुढच्याला ७५ अशी कंट्रोलच उड्या मारत असेल तर त्यावर केलेली तुलना कशाचीच नाही. पावसाळ्यात, इन्क्युबेटर हलवल्यावर, नवीन एफबीएसची बॅच आल्यावर, परत कंट्रोल बघा. गाइडला घाई असते हे मला कळतं, तरीही.

बाटलीत आधीच काय आहे

आता खरा मुद्दा. टीसीएम-१९९ हा मीडिया १९५० सालचा, आणि तो बनवणाऱ्यांनी त्यात जवळपास सगळी व्हिटॅमिन्स आधीच घातलेली आहेत. म्हणजे तुमचा 'व्हिटॅमिन नसलेला' कंट्रोल मुळात नसतोच. लिटरला ०.०५ मिलीग्रॅम एस्कॉर्बिक अ‍ॅसिड, ०.०१ मिलीग्रॅम अल्फा-टोकोफेरॉल फॉस्फेट, ०.०१ फोलिक अ‍ॅसिड, ०.०१ रायबोफ्लेविन, थायमिन, बायोटिन, थोडं रेटिनॉल, थोडं कॅल्सिफेरॉल, मेनाडायोन सुद्धा, आणि कोलीन त्या मानाने बरं, ०.५ मिलीग्रॅम. बी-१२ मात्र त्यात नाही. बाटलीसोबत फॉर्म्युला शीट येते ती कचऱ्यात टाकू नका, वहीत चिकटवा.

प्रमाण बघा. एस्कॉर्बिक अ‍ॅसिड लिटरला ०.०५ मिलीग्रॅम म्हणजे मिलीला ०.०५ मायक्रोग्रॅम. तुम्ही ५० मायक्रोग्रॅम टाकता म्हणजे हजार पट. आणि फोलिक अ‍ॅसिडमध्ये उलटा प्रकार, साधा एमईएम (असाच दुसरा तयार मीडिया) घेतला तर त्यात फोलिक अ‍ॅसिड लिटरला १ मिलीग्रॅम असतं, म्हणजे टीसीएम-१९९ च्या शंभर पट, त्यामुळे एका लॅबने एमईएम-बेस्ड मीडियात फोलेटचा काही फरक नाही म्हटलं आणि दुसरीने १९९ मध्ये फरक दाखवला तर दोघंही खरं बोलत असू शकतात.

वर १० टक्के एफबीएस. सीरममध्ये व्हिटॅमिन ए आहे, ई आहे, बी-१२ आहे, किती ते बॅचवर. मग स्वच्छ एक्सपेरिमेंटसाठी सीरम काढून बीएसए (गायीच्या रक्तातला एक शुद्ध प्रोटीन) किंवा पीव्हीए (प्रोटीनऐवजी वापरायचा पॉलिमर) वापरावं का? वापरा, पण एक लक्षात ठेवा, सीरम नसेल तर क्युम्युलस नीट फुलत नाही, कारण त्या फुललेल्या जेलीला धरून ठेवणारा एक प्रोटीन सीरममधूनच येतो. म्हणजे सीरम काढल्यावर क्युम्युलस फुललं नाही म्हणून व्हिटॅमिन वाईट ठरवू नका. माझं मत विचाराल तर पहिला राउंड सीरमसकट करा, फरक दिसला तरच फॅटी अ‍ॅसिड फ्री बीएसएमध्ये परत.

व्हिटॅमिन सी

सगळ्यांचं आवडतं आणि सगळ्यात जास्त फसवणारं. साधं एल-एस्कॉर्बिक अ‍ॅसिड पाण्यात छान विरघळतं, स्वस्त आहे, पण ३८-३९ डिग्रीच्या मीडियात, तांबं-लोह यांच्या अंशासोबत, ते काही तासांतच बरंचसं ऑक्सिडाइज होतं, आणि होताना मीडियात हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होऊ शकतं. म्हणजे अँटिऑक्सिडंट म्हणून टाकलेली वस्तू जास्त डोसला उलटा मार देते. म्हणून चोवीस तासांच्या कल्चरसाठी एस्कॉर्बिक अ‍ॅसिड २-फॉस्फेट हे स्थिर रूप बघा, पेशींवरचे फॉस्फेटेज ते हळूहळू तोडतात आणि व्हिटॅमिन सी सोडत राहतात. फक्त त्याचं मॉलिक्युलर वेट कुठलं सॉल्ट आहे त्यावर बदलतं, मॅग्नेशियमचं वेगळं, सोडियमचं वेगळं, त्यामुळे लेबल बघून मोलरमध्ये हिशोब करा, मायक्रोग्रॅममध्ये नाही.

साध्या एस्कॉर्बिक अ‍ॅसिडचा हिशोब: मॉलिक्युलर वेट १७६.१२, म्हणजे ५० मायक्रोग्रॅम प्रति मिली हे साधारण २८४ मायक्रोमोलर. स्टॉक बनवा ५० मिलीग्रॅम प्रति मिली, ताजा, त्याच दिवशी, ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून, आणि मिलीला १ मायक्रोलीटर. स्टॉक आंबट असतो म्हणून टाकल्यावर फिनॉल रेडचा (पीएच दाखवणारा मीडियातला रंग) रंग बघा, पिवळ्याकडे झुकला तर पीएच परत जागेवर आणा. शून्य, २५, ५०, १०० असे डोस लावा, पण वेगवेगळ्या दिवसांत वाटून. स्टॉक डीप फ्रीजरमध्ये महिनाभर ठेवून वापरणारे आहेत, त्यांना हात जोडून सांगणं आहे, पावडर तशी महाग नाही हो.

व्हिटॅमिन ई

अल्फा-टोकोफेरॉल, मॉलिक्युलर वेट ४३०.७, तेलकट, पाण्यात जाणार नाही. ४३ मिलीग्रॅम १ मिली अ‍ॅब्सोल्यूट इथेनॉलमध्ये म्हणजे १०० मिलीमोलर, त्यातला १ मायक्रोलीटर १ मिली मीडियात म्हणजे १०० मायक्रोमोलर आणि ०.१ टक्का इथेनॉल. इथेच थांबून मोजा, तुमचं इस्ट्राडायॉलही बहुतेक इथेनॉलमध्येच आहे, ते पण १ मायक्रोलीटर, म्हणजे एकूण ०.२ टक्के झालं. म्हणून एक ग्रुप फक्त इथेनॉलचा ठेवावाच लागतो, व्हिटॅमिन नाही पण तेवढंच इथेनॉल. हा ग्रुप नसलेला थिसिस परीक्षकाने उलटा पाडला तर त्यात परीक्षकाचं चुकलं काय!

आणि तेल. बहुतेक लॅबमध्ये ५० मायक्रोलीटरचे थेंब मिनरल ऑइलखाली ठेवतात, दहा ऊसाइट पर थेंब, मस्त पद्धत आहे, बाष्पीभवन होत नाही. पण चरबीत विरघळणारं काहीही असेल, व्हिटॅमिन ई, ए, डी, अगदी इस्ट्राडायॉल सुद्धा, ते थेंबातून सरळ वरच्या तेलात निघून जातं. तुम्ही थेंबात १०० मायक्रोमोलर टाकलं, काही वेळाने तिथे किती उरलं ते तुम्हाला माहीत नाही. म्हणून या व्हिटॅमिन्ससाठी तेल नको. चार खणी डिश घ्या, प्रत्येक खणात ५०० मायक्रोलीटर, २५-३० ऊसाइट, आणि इन्क्युबेटरमधल्या पाण्याचा ट्रे भरलेला आहे ना हे रोज बघा. कंट्रोल पण त्याच डिशमध्ये, कंट्रोल तेलाखाली आणि ट्रीटमेंट बिनतेलाची असं करायचं नाही. एवढी कटकट नको असेल तर ट्रोलॉक्स वापरा, व्हिटॅमिन ईचं पाण्याकडे झुकणारं भावंड, मॉलिक्युलर वेट २५०.२९, तरी त्याचा स्टॉकही इथेनॉल किंवा डीएमएसओमध्येच करावा लागतो आणि तेलाशी त्याचं वागणं थोडं बरं असतं, पूर्ण बरं नाही.

सी आणि ई एकत्र टाकावं का, हा पुढचा प्रश्न येतोच. केमिस्ट्रीत सी हे ऑक्सिडाइज झालेल्या ई ला परत जागेवर आणतं, त्यामुळे कागदावर जोडी छान दिसते. पण एकेकटं काय करतं हे तुमच्या हातात स्पष्ट दिसल्याशिवाय जोडी लावू नका. सिस्टिअमिन आधीच टाकलेलं आहे, म्हणजे ही तिसरी अँटिऑक्सिडंट होणार, आणि पेशीला थोडं ऑक्सिडेशन लागतंच, ते शून्यावर आणणं हे काही आपलं ध्येय नाही. इन्क्युबेटर साध्या हवेचा आहे म्हणजे ऑक्सिजन २० टक्क्यांच्या आसपास, की ट्राय-गॅस लावून ५ टक्के, हे पण वहीत लिहा, कारण अँटिऑक्सिडंटचा फायदा २० टक्क्यांत दिसेल आणि ५ मध्ये गायब होऊ शकतो.

व्हिटॅमिन ए, आणि लाइट बंद करा

रेटिनॉल आणि रेटिनॉइक अ‍ॅसिड हे अँटिऑक्सिडंटपेक्षा सिग्नल म्हणून जास्त काम करतात, न्यूक्लियसमधल्या रिसेप्टरला जाऊन चिकटतात, म्हणून डोस अगदी बारीक. १९९९ मध्ये अमेरिकेत सुपरओव्ह्युलेशन केलेल्या (हॉर्मोन देऊन एकदम जास्त अंडपेशी सोडायला लावलेल्या) मेंढ्यांना रेटिनॉलचं इंजेक्शन दिल्यावर त्यांचे भ्रूण बाहेर डिशमध्ये जास्त चांगले वाढले असं दिसलं, मेंढीत व्हिटॅमिन एचं एवढं कुतूहल आहे त्यात या कामाचा वाटा मोठा. गायीच्या ऊसाइटमध्ये ९-सिस रेटिनॉइक अ‍ॅसिड ५ नॅनोमोलर असा आकडा वापरला गेलाय.

नॅनोमोलरपर्यंत जायचं तर पायऱ्या करा. मॉलिक्युलर वेट ३००.४४, ३ मिलीग्रॅम १ मिली डीएमएसओमध्ये म्हणजे साधारण १० मिलीमोलर, त्याचा १:१००० म्हणजे १० मायक्रोमोलर, आणि त्यातला ०.५ मायक्रोलीटर १ मिली मीडियात म्हणजे ५ नॅनोमोलर. ०.५ मायक्रोलीटर पिपेटने नीट येत नाही, म्हणून १० मिली मीडिया एकदम बनवा आणि ५ मायक्रोलीटर टाका. अंबर ट्यूब, वरून फॉइल, हूडचा लाइट बंद, खिडकीचा पडदा ओढलेला. आणि ही वस्तू गर्भातल्या बाळाला घातक आहे, त्यामुळे प्रेग्नंट मैत्रिणीला पावडर वजन करायला सांगू नका.

लाइटचं फक्त ए पुरतं नाही. मीडियात आधीच असलेलं रायबोफ्लेविन उजेडात पेरॉक्साइड तयार करतं. मीडियाची बाटली ट्यूबलाइटखाली दिवसभर उघड्यावर राहिली तर तुम्ही एक वेगळाच एक्सपेरिमेंट करताय.

बी गट

फोलेट आणि बी-१२ चा मेंढीशी संबंध जुना आणि पक्का. २००७ मध्ये ब्रिटनमध्ये नॉटिंगहॅमच्या गटाने मेंढ्यांच्या खाण्यात गर्भधारणेच्या आसपासच्या काळात बी-१२, फोलेट आणि मिथिओनिन कमी केलं, मग भ्रूण नीट खाल्लेल्या मेंढ्यांमध्ये हलवले, कोकरं जन्मली ती दिसायला ठीक, पण मोठी झाल्यावर विशेषतः नरांमध्ये वजन, इन्सुलिन आणि ब्लड प्रेशरच्या तक्रारी, आणि डीएनएच्या मिथिलेशनमध्ये (जीन चालू-बंद करणाऱ्या रासायनिक खुणांमध्ये) बदल. हे खाण्याचं काम आहे, डिशचं नाही, पण डिशमध्ये बी-१२ मुळात नसलेला १९९ वापरणाऱ्यांनी जरा विचार करावा.

फोलिक अ‍ॅसिड साध्या पाण्यात विरघळत नाही, तळाला पिवळा गाळ बसतो, थोड्या सोडियम बायकार्बोनेट किंवा पातळ सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळवा, आणि व्हेइकल कंट्रोल (व्हिटॅमिन नाही, फक्त ते विरघळवणारा द्रव असलेला ग्रुप) इथेही. एमईएम व्हिटॅमिनचं १०० एक्स सोल्यूशन तयार मिळतं, १ टक्का टाकलं की जवळपास सगळा बी गट एकदम, बी-१२ आणि बायोटिन सोडून. सुरुवातीला हे सोपं आहे, नंतर कोणी विचारलं की नक्की कशाने फरक पडला तर उत्तर देता येणार नाही एवढंच. व्हिटॅमिन डी आणि के वरही लोक काम करतात, पण नवख्याने त्यात पडू नये, डी ला ई सारखीच तेलाची भानगड, वर डोस आणखी बारीक.

ग्रुप, आणि चोवीस तासांनंतर

एका दिवसाचे ग्रुप: साधा मीडिया, व्हेइकल, आणि एक डोस. ऊसाइट वाटताना चांगल्या चांगल्या ट्रीटमेंटमध्ये जातात, मुद्दाम नाही, हात तिकडे वळतो. म्हणून सगळ्या एका डिशमध्ये गोळा करून पाच-पाचच्या लॉटने वाटा, आणि मोजणाऱ्याला कुठला खण कुठला हे माहीत नको, झाकणावर फक्त अक्षर लिहा. एका दिवशीच्या नव्वद ऊसाइट म्हणजे नव्वद रिप्लिकेट नाही, ती एकच फेरी. चार-पाच वेगवेगळ्या दिवसांच्या फेऱ्या तरी लागतात, आणि स्टॅटिस्टिक्समध्ये दिवस हा वेगळा घटक म्हणून धरा.

२४ तासांनी आधी क्युम्युलस बघा. भिजवलेल्या सब्जासारखं दिसलं पाहिजे, मध्ये काळसर ठिपका आणि भोवती पारदर्शक फुगलेली जेली. मग हायल्युरोनिडेजमध्ये (ती जेली तोडणाऱ्या एन्झाइममध्ये) मिनिट-दोन मिनिटं आणि बारीक पिपेटने वर-खाली, पेशी सुटतात. ज्यांच्यात पोलर बॉडी दिसतो त्या मोजा. शंका असेल त्या इथेनॉल-अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड तीनास एकमध्ये फिक्स करून १ टक्का अ‍ॅसिटो-ऑर्सीनने रंगवा, किंवा हॉएक्स्ट टाकून फ्लुओरेसन्सखाली.

इथे थांबणाऱ्यांची संख्या खूप आहे. मेटाफेज टू ७५ चं ७८ झालं, थिसिस संपला. पण व्हिटॅमिनचा परिणाम बऱ्याचदा या आकड्यात दिसतच नाही, कंट्रोलच ७५ ला असेल तर वर जागा किती उरली? तो दिसतो पुढे, क्लीव्हेजमध्ये (पेशीच्या पहिल्या विभाजनात) आणि ब्लास्टोसिस्टमध्ये (आठवडाभराच्या भ्रूणात). मेंढ्याचं सीमेन मिळत नसेल, आणि आपल्या शहरात ते मिळणं कठीणच, तर सीमेनशिवाय, केमिकलने अंडपेशीला विभाजनाला लावायचं, म्हणजे पार्थेनोजेनेटिक अ‍ॅक्टिव्हेशन करा: आयोनोमायसिन ५ मायक्रोमोलर पाच मिनिटं, मग ६-डीएमएपी २ मिलीमोलर तीन-चार तास, नंतर एसओएफमध्ये (भ्रूण वाढवायच्या मीडियात). दोन दिवसांनी क्लीव्हेज, सात-आठ दिवसांनी ब्लास्टोसिस्ट. एसओएफ मूळचा मेंढीच्याच ओव्हिडक्टच्या द्रवावरून १९७२ मध्ये बनवलेला आहे, त्यामुळे या कामाला तो शोभतो. व्हिटॅमिन फक्त पहिल्या २४ तासांत दिलंय, पुढच्या एसओएफमध्ये सगळ्या ग्रुपला एकच मीडिया, हे विसरू नका.

पावसाळ्याबद्दल

जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवा इतकी दमट की व्हिटॅमिनच्या पावडरीला पाणी सुटतं. फ्रीजमधून काढलेली बाटली लगेच उघडू नका, डेसिकेटरमध्ये अर्धा तास ठेवून रूमच्या तापमानाला आल्यावरच झाकण काढा, नाहीतर आत थेंब जमतात आणि पुढच्या वेळी तुम्ही वजन करता ते अर्धं पाणी. इन्क्युबेटरमध्ये बुरशी याच दिवसांत येते, पाण्याचा ट्रे दर आठवड्याला ऑटोक्लेव्ह केलेल्या पाण्याने बदला, दार उघडं ठेवून गप्पा मारू नका. एमआयडीसीत शटडाऊनची नोटीस आधी येते, ती वॉचमनच्या टेबलावर पडून राहते, तेव्हा ओव्हरी आणायचा दिवस ठरवण्याआधी खाली जाऊन एकदा विचारून या, आणि सिलिंडरमध्ये कार्बन डायऑक्साइड पुढचे आठ दिवस पुरेल एवढा आहे का ते पण त्याच फेरीत बघा.